वाइनच्या पांढऱ्या द्राक्षाची नवी बाग: यंदाच्या ऑक्टोबर छाटणीला पूर्ण माल धरावा का?

तुम्ही लिहिलंय की अथणीच्या पूर्वेला, जतच्या शिवेकडे, मध्यम काळ्या रानात एक एकर सॉव्हिन्यॉन ब्लाँ आणि अर्धा एकर शेनिन ब्लाँ या वाइनच्या पांढऱ्या जाती आहेत. डॉगरीज खुंटावर (ज्याच्या मुळांवर वरची जात बांधतात तो वेल) कलमं गेल्या साली भरली, वेल जोमात आहेत, घरचे म्हणतात यंदाच भरून माल घ्या. शिवाय उरलेल्या अर्ध्या एकरात शार्दोने ही तिसरी पांढरी जात लावू का, असंही विचारलंय. मी त्याच पट्ट्यात द्राक्ष करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पूर्ण माल धरू नका. डॉगरीज हा मुळातच जोर देणारा खुंट. पाणी आणि नत्र मिळालं की तो पाला काढतच राहतो. त्या हिरवेपणावर जाऊ नका, खाली वाकून ओलांडा, म्हणजे तारेवर आडवा नेलेला वेलाचा हात, बघा. खोडापासून तारेच्या टोकापर्यंत तो सारख्या जाडीचा झालाय का? काडी पेन्सिलीएवढी जाड, तांबूस, आतून भरीव आहे का? जिथे आहे तिथे दोन डोळे ठेवून छाटा आणि फुटीला एकच घड राखा. जिथे काडी बारीक किंवा अजून हिरवट आहे, तिथे एकही घड नको. ओलांड्याचं टोक कच्चं असेल तर पक्क्या काडीपर्यंत मागे या. यंदा वेलाला लाकूड करू द्या, पुढची कित्येक वर्षं त्याच्यावरच जायची आहेत. छाटणीआधी काडी परीक्षण, म्हणजे डोळे कापून आत घड आहे का ते बघणं, जरूर करून घ्या. नव्या बागेत बऱ्याच काड्या जून-जुलैच्या ढगाळ हवेत तयार होतात आणि डोळ्यात सूक्ष्मघड (पुढच्या घडाचे बारीक कोंब) कमी बसतात. ते आधी कळलं की हिशेब नीट लागतो.

आता मला मनापासून सांगायचंय ते हे. आपल्याकडे सगळ्यांचा हात बेदाण्यावर बसलेला आहे. गोडी वाढेल तेवढी चांगली, हे डोक्यात पक्कं आहे. पांढऱ्या वाइनचं तसं नाही, तिथे आंबटपणा हाच जीव. मणी पिकताना साखर चढते, त्याच वेळी उन्हाच्या तापाने मॅलिक आम्ल जळत जातं. दिवसाचं तापमान पस्तिशीला टेकलं की ते झपाट्याने उतरतं आणि सॉव्हिन्यॉनचा वासही त्याच्यासोबत जातो. साखर 20 ते 22 ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप), आम्ल लिटरला 6-7 ग्रॅम, सामू (पीएच; आंबटपणा घटला की हा चढतो) 3.3 च्या आसपास, हे गणित जमलं की माल तयार. 24 ब्रिक्सची वाट बघाल तर बेदाण्याचा माल हाती येईल.

म्हणून छाटणीची तारीख महत्त्वाची. सप्टेंबरचा पाऊस आपल्याकडे जोरात असतो. फार लवकर छाटलं तर कोवळ्या फुटीवर केवडा हा बुरशीचा रोग येतो, नोव्हेंबरवर ढकललं तर पिकायची वेळ मार्चच्या उन्हात जाते. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात सोयीचा वाटतो, फेब्रुवारीत माल निघतो.

बेदाण्याच्या आणखी दोन सवयी सोडाव्या लागतील. एक, मणी फुगवायला जीएमध्ये (जिबरेलिक आम्ल, वाढीचं संजीवक) घड बुडवणं. मजुरांना मराठीत आणि कन्नडात दोन्हीत बजावून सांगा, कारण घड दिसला की त्यांचा हात मगाकडे जातोच. वाइनला लहान मणीच हवा, सालीचं प्रमाण जास्त मिळतं. दुसरी, मण्यात पाणी उतरताना, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागताना, शून्य-शून्य-पन्नास हे पालाशचं खत सोडणं. जादा पालाश मण्यात उतरलं की रसाचा सामू चढतो. देठ परीक्षणात (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासणं) कमतरता दिसली तरच द्या, तेही आधीच्या अवस्थेत.

पाल्याचं: मीटरभर ओलांड्यावर 12 ते 15 फुटी पुरेत, बाकी वांझ, म्हणजे घड नसलेली, फूट काढा. ओळी दक्षिणोत्तर असतील तर घडाजवळची पानं फक्त पूर्वेकडची विरळ करा. सकाळचं ऊन घडाला चांगलं, भुरी हा पांढऱ्या बुरशीचा रोगही कमी राहतो. पश्चिमेची पानं अजिबात काढू नका, दुपारच्या उन्हात सॉव्हिन्यॉनचा मणी भाजून तपकिरी पडतो. शेनिनचा घड गच्च असतो, आत एक मणी फुटला की घड सडतो. त्यात हवा खेळती ठेवणं आणि पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीवर नजर ठेवणं, ही तिथली खरी कामं.

नमुना घेताना समोरचा गोड घड तोडून रिफ्रॅक्टोमीटरला (ब्रिक्स मोजायचं यंत्र) लावू नका. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, उन्हातले, सावलीतले, घडाच्या वरचे आणि टोकाचे मिळून शंभरेक मणी घ्या, फडक्यातून रस पिळून मग ब्रिक्स आणि सामू बघा. बी चावून पाहा, हिरवं आणि तुरट लागलं तर थांबा. तोडणी पहाटे करा, ऊन चढायच्या आत क्रेट गाडीत गेले पाहिजेत.

वायनरीशी करार छाटणीआधी लेखी करा. हा बियांचा बारीक माल बाजारात खायला कुणी घेत नाही. दर नुसत्या ब्रिक्सवर लिहिलेला असेल तर सामूची अटही बोलून घ्या आणि तोडणीची तारीख कोण ठरवणार, तेही.

शार्दोने मी लावणार नाही. लवकर फुटतं, माल कमी देतं आणि आपल्या उन्हात आम्ल लवकर सोडतं. शेनिन उष्ण हवेतही आंबटपणा धरून ठेवतं, उरलेल्या अर्ध्या एकरात तेच वाढवा. खुंट मात्र 110 आर घ्या: दुष्काळ सोसतो आणि डॉगरीजइतका पाला काढत नाही. त्याआधी बोअरच्या पाण्याची क्षारता आणि जमिनीतला चुना तपासून घ्या. पाणी खारं निघालं तर खुंटाचा विचार नव्याने करावा लागेल.