कला आणि व्यवसाय यांची संयुक्त पदवी घ्यावी, की एकाच शाखेत राहावे?

आपल्याला इतिहासाची आवड आहे, पण नुसत्या बी.ए.वर नोकरी मिळेल का, याची धास्ती आहे; म्हणून कला आणि व्यवसाय यांची संयुक्त पदवी घ्यावी, साधे बी.कॉम. करावे, की बी.ए.नंतर व्यवस्थापन शिकावे, असे आपण विचारले आहे. मी इतिहास आणि लेखाशास्त्र घेऊन संयुक्त पदवी केली आहे, तेव्हा अनुभवावरूनच सांगतो.

तीन-तीन वर्षांच्या दोन पदव्या चार वर्षांच्या आसपास कशा बसतात, हे आधी पाहावे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात एकट्या बी.ए.ला 360 श्रेयांक (क्रेडिट) लागतात आणि बी.कॉम.लाही तितकेच; दोन्हींची बेरीज 720 होते, पण संयुक्त पदवीला 540 पुरतात. मधले 180 श्रेयांक मुख्यतः ऐच्छिक विषयांच्या जागेतून वाचवलेले असतात, म्हणजे मन रमले नाही तर दुसरे काही करून पाहण्याची जी सोय असते, नेमकी तीच आपण सोडून देतो. तिसऱ्या वर्षी मला जुन्या हस्तलिखितांच्या वाचनाचा विषय घ्यायचा होता. त्याच तासाला कंपनी कायद्याचा सक्तीचा वर्ग होता, आणि माझ्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात पुढच्या सत्रापर्यंत एकही चौकट रिकामी नव्हती.

दुसरे असे की, नाव संयुक्त असले तरी दोन्ही विभाग एकमेकांकडे पाहत नाहीत. इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा असा दोन्हीकडे नोंदवण्याची रीत, मांडली. त्यावर मी इतिहासाचा निबंध लिहिला आणि चार वर्षांत माझे दोन विषय एका पानावर आले ते तेवढेच. (लेखाशास्त्राच्या प्राध्यापकांना तो वाचायला दिला होता, त्यांनी एका जमा-खर्चाच्या नोंदीतली माझी चूक तेवढी दाखवली.) सांधा आपला आपणच जोडावा लागतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की शेवटच्या वर्षाचे कठीण संशोधनपर लेखनही आपण इतिहासात आनंदाने कराल अशी खात्री असेल, तरच संयुक्त पदवी घ्यावी. केवळ वाचनाची गोडी असेल, तर बी.कॉम. करून इतिहास गौण विषय म्हणून ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे, विशेषतः व्यावसायिक लेखापाल व्हायचे असल्यास, कारण लेखापालांच्या व्यावसायिक संस्थांनी ठरवलेले विषय वाणिज्याची बाजू जवळजवळ भरून टाकतात. उलट, व्यवसायाचा विचार निव्वळ भीतीपोटी आला असेल, तर बी.ए. मन लावून करावे. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना पुष्कळ ठिकाणी कोणत्याही शाखेचे पदवीधर चालतात. मात्र एम.बी.ए.साठी अनेक नामांकित संस्था काही वर्षांच्या नोकरीचा अनुभव मागतात, त्यामुळे तो मार्ग लगेच मोकळा असेल असे धरून चालू नये.

प्रवेशापूर्वी विद्यापीठाकडून दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: मधेच एक शाखा सोडल्यास झालेले श्रेयांक उरलेल्या पदवीत किती धरले जातात, आणि दोन्ही विभागांचे सक्तीचे तास एकाच वेळी आल्यास कोण माघार घेते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तिसऱ्या वर्षी मिळाले, आणि माघार मीच घेतली.