यादवी युद्ध शिकवताना

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुला ज्या वर्गाला अमेरिकेतील यादवी युद्ध शिकवायचे आहे, त्यातील काही मुले पानभर मजकूर सहज वाचतात आणि काही एका परिच्छेदातच अडखळतात. मग धडा कोणाच्या पातळीवर ठेवावा, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की, प्रश्न सर्वांना एकच द्यावा आणि मदत ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे कमी-अधिक करावी.

सुरुवातीची काही वर्षे मी याच्या नेमके उलट केले. वाचनात मागे असलेल्या मुलांना मी उत्तर आणि दक्षिणेचे नकाशे रंगवायला देत असे आणि युद्ध का झाले याची चर्चा उरलेल्यांशी करीत असे. ती मुले शांत बसत, म्हणून धडा साधला असे मला वाटे. प्रत्यक्षात विचार करण्याचा भागच मी त्यांच्यापासून काढून घेतला होता, याची खंत अजून जात नाही.

कारणांपासूनच सुरुवात कर. 1861 मध्ये मिसिसिपी या दक्षिणेतील राज्याने संघराज्यातून फुटण्याची कारणे जाहीर केली आणि आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित असल्याचे आरंभीच सांगितले. हळू वाचणाऱ्यांना हे एकच वाक्य दे, कठीण शब्दांचे अर्थ शेजारी लिही आणि आधी मोठ्याने वाचून दाखव. ज्यांना झेपेल त्यांना संपूर्ण जाहीरनामा देऊन, गुलामगिरीशी संबंध नसलेली एखादी तक्रार त्यात सापडते का, ते शोधायला लाव. मग सर्वांना एकत्र बसव. एकाच वाक्यावर अर्धा तास घालवलेले मूल चर्चेत त्या शब्दांना घट्ट धरून राहते, असा माझा अनुभव आहे.

लढायांची जंत्री मात्र आवर; गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग नकाशावर दाखवलेस तरी पुरे. तो वेळ 1 जानेवारी 1863 च्या, अध्यक्ष लिंकन यांच्या गुलाममुक्तीच्या घोषणेला दे. ती बंडखोर प्रदेशांपुरतीच होती, संघराज्यात राहिलेल्या केंटकीतील गुलाम तिने मुक्त झाले नाहीत, हे कळले की 1865 मध्ये देशभरातील गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती का करावी लागली, याकडे मुले आपणहून वळतात.

ज्याला लिहिणे जमत नाही, त्याचे उत्तर तोंडी घे; पण हे कशावरून म्हणतोस, असे त्यालाही विचार.