छोट्या कॉलेजात माध्यमं शिकताना

प्रश्न : ताई, मी कणकवलीजवळच्या एका छोट्या कॉलेजात जनसंवाद शिकते. वर्गात अकरा जण, कॅमेरा एकच, स्टुडिओ नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांपुढे मी कमी पडेन का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, अकरा जणांत एक कॅमेरा म्हणजे तो तुझ्या हाती वरचेवर येणार! आमच्या वर्गात सत्तर मुलं होती. अख्ख्या अभ्यासक्रमात मी कॅमेऱ्याला दोनदा हात लावला.

खरी अडचण आवाजाची असते. चित्र जरा हललं तर लोक बघतात, बोलणं कळलं नाही की पुढे जातात. आधी कॉलरला लावायचा साधा माइक घे. निवेदन डोक्यावर गोधडी घेऊन रेकॉर्ड कर, खोलीचा घुमारा जातो. मी आजही तेच करते.

आणि विषय तुझ्या दारात आहेत. ग्रामसभेला जाऊन बस, ठराव वहीत उतरव. दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाक. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते आलेले कागद वाचायला शिकणं हाच मोठा अभ्यास. आजी मालवणीत बोलली तर तिचं बोलणं तसंच ठेव, प्रमाण मराठीत घासू नकोस.

६ जानेवारी १८३२ला ‘दर्पण’ हे पहिलं मराठी वृत्तपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर तुझ्याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे. तिथे एकदा जाऊन ये. पहिली बातमी झाली की मला पाठव, कुठे अडली ते कळवीन.