एका सेकंदाला २४ चित्रं: अ‍ॅनिमेशनच्या शिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या महिनाभरात आलेल्या पत्रांत अ‍ॅनिमेशनबद्दलचे प्रश्न सगळ्यांत जास्त होते. मी बरीच वर्षं मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत अ‍ॅनिमेटर म्हणून काम केलं आणि आता सोलापुरात मुलांना शिकवतो. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत; प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर आहे.

मी जुळे सोलापूरला राहतो, बारावी कॉमर्सला आहे. चित्रं बरी काढतो, इंटरमिजिएटला बी ग्रेड आहे. अ‍ॅनिमेशनच्या डिग्रीला सायन्स लागतं का? काका म्हणतात, तिथे नुसती कार्टून बघायची असतात. अभ्यास खरंच अवघड असतो का?

सायन्स लागत नाही. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला, जाण्यासाठीची यूसीड ही परीक्षा, दोन्ही कुठल्याही शाखेच्या मुलांना देता येतात. परीक्षा जानेवारीच्या आसपास असतात, पण अर्ज दिवाळीच्या सुमारालाच सुटतात. बारावीचा निकाल लागल्यावर जागे होणाऱ्यांचं ते वर्ष हातचं जातं. यूसीड सलग दोन वर्षांतच देता येते, तेव्हा पहिला प्रयत्न 'बघू तर खरं' म्हणून वाया घालवू नकोस.

आता अवघडपणाबद्दल. पडद्यावर एका सेकंदात २४ फ्रेम जातात. हाताने काढताना एक चित्र बहुतेक वेळा दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ आणि मिनिटाला ७२० चित्रं. पहिल्या वर्षात तुला एक चेंडू उडवायला सांगतील. वर जाताना चेंडूचा वेग कमी होतो, म्हणून तिथली चित्रं एकमेकांना खेटून येतात; खाली पडताना त्यांच्यातलं अंतर वाढत जातं; जमिनीला टेकतो त्या एका चित्रात तो चपटा होतो. एवढंच. पण तोच चेंडू रबराचा वाटावा की लोखंडाचा, हे मुख्यतः त्या अंतरांवर ठरतं, आणि ते जमेपर्यंत मुलं पन्नास पन्नास वेळा काढतात. मग चालणारा माणूस. साध्या चालीत एका पावलाला साधारण अर्धा सेकंद, १२ फ्रेम. त्यात टाच कधी टेकते, अंग कधी खाली जातं, पाय जवळून जाताना डोकं किती वर येतं, सगळं मोजून काढायचं. शेवटच्या वर्षी तीन-चार मिनिटांची फिल्म असते आणि तीत वर्ष जातं. काकांना हे वाचून दाखव.

आत्तापासून एक कर. येत्या संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मिरवणुकीला वही घेऊन जा. ध्वजाच्या शेंड्याकडे सगळे बघतात, तू तो पेलणाऱ्या, बाराबंदी या पांढऱ्या पोशाखातल्या माणसाच्या पावलांकडे बघ. काठी एका अंगाला कलायला लागली की आधी पाऊल तिच्याखाली सरकतं, मग कंबर, मग खांदा. चेहरा तर जवळजवळ हलतच नाही. ओझं दाखवायचं ते असं. पन्नास रेघोट्या मारून आण, वाईट आल्या तरी चालतील. जिथे प्रवेशाला मुलाखत असते तिथे अशी वही बोलते, सही करून फ्रेम केलेली देवादिकांची चित्रं बोलत नाहीत.

मुलीला शहरातल्या एका क्लासने दोन वर्षांचे साडेतीन लाख सांगितले आहेत. "शंभर टक्के नोकरी" म्हणतात. कर्ज काढावं का?

ताई, सही करायच्या आधी थांबा. शंभर टक्के नोकरीची खात्री कुणीच देऊ शकत नाही. ती कागदावर लिहून मागा, बोलणं लगेच बदलेल. मग विचारा की गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांचं काम दाखवा. दोघा हुशार मुलांचं नको, सगळ्या बॅचचं. शिकवणाऱ्यांनी स्वतः कुठल्या कामावर हात फिरवलाय तेही बघा, आणि आठवड्यात चित्रकलेचे तास किती ते विचारा. 'आम्ही सॉफ्टवेअर शिकवतो' असं उत्तर आलं तर मी तरी पैसे भरणार नाही. सॉफ्टवेअर दर दोन वर्षांनी बदलतं, आणि माया असो की ब्लेंडर, चेंडूचं अंतर कळत नसेल तर दोन्हीत चेंडू चुकीचाच पडतो.

दुसरी गोष्ट, क्लासचं सर्टिफिकेट आणि विद्यापीठाची पदवी या वेगळ्या वस्तू आहेत. स्टुडिओत घेताना बहुधा पदवी कुणी बघत नाही, शोरील, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाचा छोटा व्हिडिओ, बघतात. पण पुढे एम.डेस. करायचं, कॉलेजात शिकवायचं किंवा परदेशी नोकरीसाठी व्हिसा काढायचा म्हटलं की पदवीवाचून अडतं. मुलगी अठराची असेल तर मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवीच घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे. प्रवेश नाही मिळाला तर एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणं हे साडेतीन लाखांच्या हप्त्यांपेक्षा स्वस्त पडतं.

शोरीलबद्दल इथेच सांगतो. माझं पहिलं शोरील साडेतीन मिनिटांचं होतं, सुरुवातीला फिरणारं नाव आणि गाणं. एका स्टुडिओतल्या सीनियरने विसाव्या सेकंदाला ते बंद केलं आणि म्हणाला, "चांगलं काम कुठे आहे?" ते तिसऱ्या मिनिटाला होतं. तेव्हापासून मी मुलांना एक मिनिटावर जाऊ देत नाही. सगळ्यांत चांगलं काम पहिलं, आणि त्यातलं तुमचं काय ते स्पष्ट लिहिलेलं.

वडील चादरीच्या कारखान्यात जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, आहेत. मी अकरावीत आहे. घरी कॉम्प्युटर नाही, फोन आहे. माझ्यासारखीने हे स्वप्न बघावं का?

बघ, आणि आजपासून काम सुरू कर. फोन पुस्तकांच्या थप्पीवर पक्का टेकव, शेंगदाणे एकेक करून सरकव आणि दर वेळी फोटो काढ. स्टॉप मोशन म्हणजे हेच. वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फडफडवणं हाही पहिल्या दर्जाचा सराव आहे. कॉम्प्युटर मिळेल तेव्हा ब्लेंडर आणि क्रिटा ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. 'फ्लो' हा लॅटव्हियातला चित्रपट ब्लेंडरमध्येच केला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं.

वडिलांना एकदा चादरीच्या नक्षीचा आलेख दाखवायला सांग. आलेखाची एक आडवी ओळ म्हणजे एक भोकं पाडलेलं कार्ड, एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा. एका ओळीत मोर दिसत नाही, शेकडो ओळी एकामागून एक गेल्या की दिसतो. अ‍ॅनिमेटर हेच करतो, फक्त धाग्याच्या जागी फ्रेम असते. हा धीर तुझ्या घरात आहे, तो बाहेरून आणावा लागणार नाही.

पैशांसाठी सरकारी संस्थांकडे आधी बघ. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्यांना उत्पन्नाचा दाखला लागतो, लागू असेल तर जातीचाही. ते वेळेत काढून ठेव, जूनमध्ये सरकारी कचेऱ्यांत रांगा असतात. आणि चित्रांवर तारीख टाकत जा.

एआयमुळे ही नोकरी राहील का? भावाच्या ओळखीतल्या एकाचा बेंगळुरूचा स्टुडिओ रातोरात बंद झाला.

तुमची भीती खरी आहे. २०१३ मध्ये 'लाइफ ऑफ पाय' या चित्रपटाला व्हीएफएक्सचं, म्हणजे कॉम्प्युटरवर घडवलेल्या दृश्यांचं, ऑस्कर मिळालं, आणि ते काम करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या स्टुडिओने त्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केलेला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा व्हीएफएक्सचा परदेशी समूह कोसळला आणि त्यांची भारतातली कामंही थांबली. ही दोन्ही संकटं एआयने आणलेली नव्हती. परदेशातून येणाऱ्या कामावर आपला धंदा टेकलेला आहे. तिकडे शिंक आली की इकडे पगार थांबतो.

एआयचा फटका आधी कुणाला बसतोय तेही सांगतो. रोटो, पेंट, मॅचमूव्ह ही कामं, म्हणजे चित्रातला माणूस कापून काढणं, तारा पुसणं, कॅमेऱ्याची हालचाल जुळवणं. आपल्याकडच्या नवख्यांना पहिली नोकरी बहुतेक इथेच मिळायची, त्यामुळे आत शिरण्याचा दरवाजा अरुंद होतोय. मला याचं वाईट वाटतं, कारण माझे कितीतरी विद्यार्थी याच दरवाज्यातून गेले. ज्यांना स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्टीचा चित्रांतला आराखडा, येतो, पात्राला अभिनय करायला लावता येतो, दिग्दर्शकाने "हा जरा खचलेला वाटू दे" म्हटलं की खांदे नेमके किती पाडायचे ते कळतं, त्यांची गरज मला अजून दिसते. गेम आणि आर्किटेक्चरच्या थ्रीडीतही जागा आहेत. पुण्या-मुंबईत नवख्याला साधारण महिना १५ ते २५ हजार मिळतात आणि त्यात खोलीचं भाडं जातं. काम सोपवायच्या आठवड्यात रात्री जागाव्या लागतात. हे पालकांनी आधीच ऐकलेलं बरं.

वय २९, चिंचोळी एमआयडीसीत अकाउंट्सला आहे. उशीर झाला का?

नाही. पण नोकरी सोडू नका. रोज दीड तास, सहा महिने. त्यानंतर तुमच्याकडे स्वतःला आवडेल असं आठ सेकंदांचं अ‍ॅनिमेशन तयार असेल तर पुन्हा लिहा, पुढचं बोलू.

शिकून सोलापुरातच राहून कमावता येईल का?

पहिल्याच दिवसापासून नाही. आधी दोन-तीन वर्षं पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत काढा. तिथे रोज कुणीतरी तुमचा शॉट परत पाठवतं, आणि ते घरी बसून शिकता येत नाही. मग परत या. दवाखान्यांना रुग्णांसाठी समजावणारे छोटे व्हिडिओ हवे असतात, क्लासवाल्यांना गणित-विज्ञानाचे, दुकानदारांना जाहिराती. इंटरनेटवरून बाहेरची कामंही मिळतात. फक्त निम्मे पैसे आगाऊ घ्या, आणि किती वेळा बदल करून देणार ते सुरुवातीलाच लिहून घ्या. ओळखीतल्या कामात तर नक्कीच.