विस्मयाच्या भावनेवर लघुकथा लिहायची आहे, पण प्रेरणा मिळत नाही. कुठे शोधू?

तुम्ही लिहिलंय की डोंगर, तारे, धबधबे सगळं बघून झालं, तरी कथा सुचत नाही. देखाव्यातून ती सुचणारही नाही. विस्मय वाटायला आधी काहीतरी नीट कळावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. आमच्या वाचक मंडळात एका ज्येष्ठ गृहस्थांनी माझी कथा सगळ्यांसमोर बाजूला सारली होती, "हिशेब आला की अद्भुत संपतं" म्हणून. मी पतसंस्थेत नोकरी करते, हिशेब माझं रोजचं काम. ते वाक्य फार लागलं. म्हणून जरा लांबण लावते.

नाशिकचे असाल तर पांडवलेणी शाळेच्या सहलीत पाहिली असतीलच. माझे मामा येवल्याचे, उभं आयुष्य पैठणीच्या मागावर गेलेलं. ते आले होते तेव्हा त्यांना घेऊन वर गेले. गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्यांवर बसत बसत. सगळी 24 लेणी त्यांच्याच्यानं झाली नसती, म्हणून थेट 10 क्रमांकाच्या, नहपान या क्षत्रप राजाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या लेण्यात नेलं. तिथे व्हरांड्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. 'एपिग्राफिया इंडिका' या कोरीव लेखांच्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडातल्या भाषांतराची झेरॉक्स माझ्याजवळ होती, ती बघून मराठीत सांगत गेले. उषवदातानं हे लेणं बौद्ध भिक्खूंच्या संघाला दिलं, वर 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिली. ते गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनांकडे, ठेवले: 2000 एकीकडे शेकडा 1 दरानं, 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत करायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी.

"थांब पोरी," मामा म्हणाले. "शेकडा एक, महिन्याला ना?"

2000 वर महिन्याचे 20, वर्षाचे 240. वीस भिक्खू, बारा-बारा, तेही 240. मामांनी बोटांच्या पेरांवर पुन्हा मोजलं. "जुळलं गं," म्हणाले, आणि मान वर करून त्या अक्षरांकडे बघत राहिले. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, तुटलेला धागा सांधताना फिरतो तसा.

"म्हणजे व्याज विणकर भरायचे, आणि मुद्दल मागायला कुणी यायचं नाही. एवढा भरवसा होता आपल्या लोकांवर?"

मामांना एकदा मागासाठी कर्ज हवं होतं, जामीनदार मिळेना म्हणून अर्ज परत आला. हे मला आईकडून माहीत होतं. मामा स्वतः त्यावर पहिल्यांदा बोलले ते त्या व्हरांड्यात. मग त्यांनी विचारलं, "विणकरांची नावं लिहिलीत का?" नाहीत. उषवदाताचं आहे, त्याच्या बापाचं, दिनीकाचं आहे. व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवून फलकावर नोंदवला, तेही आहे. विणकराचं मात्र एकही नाव नाही.

तुम्हाला हवी तर ही कथा घ्या. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा गोवर्धनचा एक विणकर, व्याजाची तारीख जवळ आलीय म्हणून रात्रीचा माग चालवतोय. गंगापूर रस्त्याला गोवर्धन गाव आजही आहे, तिथेही एक चक्कर मारा.

आणि त्या गृहस्थांना मला आजही विचारायचंय, हिशेब केला नसता तर मामा तिथे थबकले असते का? लेणी त्यांनी तरुणपणीही पाहिली होती, काळा कातळ म्हणून. डोंगराच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे त्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी पहिल्यांदा काय चित्रित केलं? कुंडीतल्या वाटाण्याचं रोप, रोज थोडं थोडं. रोप उगवतं हे काय लोकांना माहीत नव्हतं?

हां, कथेत आकड्यांची रांग लावू नका. एकच ठेवा, आणि तो मोजणारा माणूस ठेवा. लहान मुलांसाठी लिहीत असाल तर माझं सगळं सोडून द्या, त्यांना मुंगीचंही नवल वाटतं. लेण्यांवर सकाळी लवकर जा, नंतर सहलींचा गलका असतो. आणि कुणी तो आकडा खोडायला सांगितलं तर खोडू नका, आधी त्यांनाच तो हिशेब करून बघायला लावा.