लिहायला बसवलं की रुसतो: घरी शिकणाऱ्या मुलांच्या लेखनाबद्दल पालकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी सहा वर्षांची आहे. अर्धं पान झालं की हात दुखतो म्हणते. पेन्सिल इतकी दाबते की टोक मोडतं. अक्षर सुधारावं म्हणून रोज एक पान लिहून घेते. काही चुकतंय का?

पानाची सक्ती काही दिवस बंद ठेवा. हात दुखत असताना काढलेल्या पानाने अक्षराला वळण लागत नाही, चुकीची पकड मात्र पक्की होते.

आधी बैठक बघा. पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट किंवा जाड पुस्तकांचा गठ्ठा द्या. टेबल कोपराच्या उंचीला हवं, फार तर दोन बोटं वर. त्याहून उंच असेल तर खांदा उचलला जातो आणि तो ताण थेट बोटांत उतरतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलीचा कागद वरच्या बाजूने डावीकडे थोडा कललेला असावा आणि डाव्या हाताने तो धरलेला असावा. हा दुसरा हात मांडीवर पडून राहिला तर कागद सरकतो, आणि तो सरकू नये म्हणून मुलं पेन्सिल दाबतात. दाबून लिहिण्याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

पकड सांगून सुधारत नाही. चार-पाच सेंटिमीटरचा पेन्सिलीचा तुकडा हातात द्या. तो मुठीत धरायला जागाच नसते, त्यामुळे अंगठा आणि तर्जनीची चिमूट आणि खाली मधल्या बोटाचा आधार आपोआप जमतो. टू-बी पेन्सिल घेतली तर कमी दाबातही रेघ काळी उमटते. दाब कळण्यासाठी पातळ कागदाखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा. जोर जास्त झाला की टोक कागदातून आरपार जातं, तुम्हाला बोलावं लागत नाही.

सराव दहा मिनिटांचा, आणि अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने नव्हे तर वळणाच्या गटाने घ्या: ग, म, न, भ एकत्र, व, ब, क एकत्र, ट, ठ, ढ, द एकत्र, प, ष, फ एकत्र. एक अक्षर पाच वेळा लिहायचं आणि त्यातलं सगळ्यात चांगलं कोणतं त्याला तिनेच गोल करायचा. पन्नास वेळा लिहून घेतलं तर पहिली पाच बरी येतात आणि उरलेली पंचेचाळीस बिघडत जातात.

शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर वेगळी काढू देऊ नका. शब्द पूर्ण लिहायचा, मग रेघ ओढायची, म्हणजे दोन शब्दांतलं अंतर आपोआप दिसतं. फक्त भ, ध आणि थ यांच्या डोक्यावर रेघ तुटते हे पहिल्यापासून दाखवा. ती जोडली की भचा म होतो, धचा घ आणि थचा य. ‘ध चा मा’ झाला तो वेगळ्या कारणाने, पण वह्यांमध्ये असले घोटाळे रोज होतात.

प्रश्न: मुलगा आठ वर्षांचा. तोंडाने गोष्ट सांगायला लागला की थांबत नाही. लिहायला सांगितलं की ‘आम्ही बागेत गेलो. खूप मजा आली.’ एवढ्यावर वही मिटतो. आळस आहे का हा?

आळस नाही. लिहिताना त्याला एकाच वेळी काय सांगायचं ते ठरवायचं असतं, वाक्य जुळवायचं असतं, वेलांटी आठवायची असते आणि अक्षर ओळीत ठेवायचं असतं. शेवटच्या दोन गोष्टी अजून हातात बसलेल्या नाहीत, म्हणून सगळं लक्ष तिकडे जातं आणि गोष्ट हवेत विरते. मग मूल शहाणपणाने छोटं वाक्य निवडतं. उपाय एकच: ही कामं वेगवेगळ्या वेळी करून घ्या.

पहिल्या दिवशी फक्त बोलायचं. तुम्ही समोर बसा आणि विचारा, पण ‘अजून सांग’ म्हणू नका, त्याचं उत्तर ‘बस, एवढंच’ असं येतं. नेमकं विचारा. मजा आली म्हणजे काय झालं? सगळ्यात आधी कशाकडे पळालास? हाताला काय लागलं? कोण ओरडलं, आणि काय ओरडलं? चार प्रश्नांत मजकूर असा बदलतो: ‘घसरगुंडी ओली होती. मला माहीत नव्हतं. मी सुसाट खाली आलो आणि चड्डी मागून पूर्ण भिजली. मग मी सगळ्यांना पाठ दाखवायचीच नाही असं ठरवलं.’ हे त्याचेच शब्द आहेत. तुम्ही ते फोनवर ध्वनिमुद्रित करा किंवा भरभर लिहून घ्या. लिहून घेताना त्याची भाषा सुधारू नका. ‘सुसाट’च्या जागी ‘वेगाने’ घातलंत की गोष्ट तुमची झाली.

दुसऱ्या दिवशी लिहायचं. वाक्य आधी मोठ्याने म्हणायचं, शब्द बोटांवर मोजायचे, मग लिहायचं. ‘घसरगुंडी ओली होती’, तीन शब्द. लिहून झाल्यावर पुन्हा मोजायचे. शब्द गळण्याची खोड याने पटकन कमी होते. सगळं एकट्याने जमत नसेल तर वाटून लिहा: एक वाक्य त्याचं, एक तुमचं. दोन-तीन आठवड्यांनी तुमची वाक्यं कमी करत न्या.

चुका बघायचं काम तिसऱ्या दिवशी. तोपर्यंत खोडरबर कपाटात. मजकूर एक ओळ सोडून लिहून घेतलेला असेल तर मधल्या ओळीत दुरुस्ती करता येते, पुन्हा सगळं लिहायची शिक्षा होत नाही. त्याने लिहिलेलं तुम्ही जसंच्या तसं वाचून दाखवा. पूर्णविराम नसेल तिथे श्वास न घेता वाचत सुटा. मुलं हसतात आणि टिंब कुठे हवं ते स्वतःच सांगतात.

प्रश्न: चुका किती काढाव्यात? सोडून दिल्या तर सवय लागेल अशी भीती वाटते. एका पानात वीस-पंचवीस तरी असतात.

एका वेळी एकाच प्रकारच्या काढा. पंचवीस लाल खुणांमधून मुलाला ‘मला लिहिता येत नाही’ एवढंच कळतं. चुकांचे प्रकार मोजले तर ते बहुधा तीन-चारच निघतात. त्यातला सगळ्यात जास्त वेळा आलेला घ्या आणि दोन आठवडे त्याच्याच मागे लागा.

सुरुवात शेवटच्या अक्षरापासून करणं सोपं, कारण नियम सरळ आहे: मराठीत शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा उकार आला तर तो दुसरा. मी, पाणी, कवी, वस्तू, गुरू. ‘आणि’, ‘परंतु’ असे मोजके अपवाद भिंतीवर चिकटवून टाका. हे बसलं की पुढचं: फूल, मूल, बहीण यांत शेवटचं अक्षर अकारान्त असल्याने त्याच्या आधीचा उकार किंवा वेलांटी दीर्घ. प्रत्यय लागला की तीच ऱ्हस्व होते: फुलाला, मुलाला, बहिणीला. मुलांना ही गंमत आवडते. ‘मूल’ एकटं असताना लांब, कुणी सोबत आलं की आखडतं. गुण, विष, मंदिर हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत, पण ते सध्या काढूच नका.

अनेकवचनाच्या अनुस्वाराला कान उपयोगी पडतो. ‘मुलानी’ लिहिलं असेल तर विचारा: त्याने की त्यांनी? ‘त्यांनी’ म्हटल्यावर नाकातला आवाज ऐकू येतो, मग टिंब कुठे द्यायचं ते कळतं.

श्रुतलेखनाला पाठातले शब्द घेण्यापेक्षा त्याच्याच लेखनात चुकलेले सहा-आठ शब्द घ्या. शब्द बघायचा, मोठ्याने म्हणायचा, झाकायचा, लिहायचा, ताडून बघायचा. समोर बघून दहादा उतरवलेला शब्द डोळ्यातून हातात जातो आणि डोक्यात थांबत नाही, म्हणून झाकणं महत्त्वाचं. तेच शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा विचारा.

प्रश्न: रोज दैनंदिनी लिहून घेतो. रोज तेच: उठलो, दात घासले, जेवलो, झोपलो. काय करावं?

दैनंदिनी आठवड्यातून दोनदाच ठेवा आणि पूर्ण दिवस लिहू देऊ नका. दिवसातली पाच मिनिटं निवडायची आणि तेवढीच लिहायची. ‘आणि मग’ हे शब्द एका पानात दोनदाच वापरायची मुभा. बाकी ठिकाणी तेवढ्यात, इतक्यात, म्हणून, पण, तरीही यांची एक चिठ्ठी समोर ठेवा.

उरलेल्या दिवशी असं लेखन द्या ज्याचा कुणाला तरी उपयोग होतो. सामानाची यादी, दारावर लावायची सूचना, हरवलेल्या वस्तूचं वर्णन, आजीला चिठ्ठी. या सगळ्यांत सरस म्हणजे कृतिलेखन. मुलाला कागदाचं विमान करायची कृती लिहायला सांगा आणि मग तुम्ही ती अक्षरशः पाळा. त्याने लिहिलेलं असतं, ‘कागदाची घडी घाला.’ तुम्ही कोपऱ्याला चिमूटभर तिरकी घडी घाला आणि पुढच्या सूचनेची वाट बघा. ‘अशी नाही!’ ‘मग कशी? लिहिलेलं नाही.’ तो वही ओढून घेतो आणि भर घालतो: कागद उभा धरा, डावी कड उजव्या कडेवर आणा, नखाने घडी दाबा, पुन्हा उघडा. ‘तपशील लिही’ असं शंभरदा सांगून जे होत नाही ते इथे होतं. दोन फेऱ्या पुरेत. तिसऱ्या फेरीला मुलं चिडतात, आणि ते बरोबरच आहे.

प्रश्न: मुलगा डावखुरा आहे. लिहिलेलं हाताने पुसलं जातं.

हात बदलायचा विचार असेल तर तो सोडून द्या. त्याचा कागद वरच्या बाजूने उजवीकडे कलवा आणि शरीराच्या मध्याच्या थोडा डावीकडे ठेवा. पेन्सिल टोकापासून अडीच-तीन सेंटिमीटर वर धरली की अक्षर बोटांआड जात नाही. मनगट ओळीच्या खाली राहिलं पाहिजे. वरून वाकवून लिहायची सवय याच वयात मोडते. प्रकाश उजवीकडून. नमुना अक्षर डाव्या समासात छापलेलं असेल तर ते त्याच्याच हाताखाली झाकलं जातं, म्हणून ते ओळीच्या वर किंवा उजवीकडे लिहून द्या.

प्रश्न: मुलगी साडेसहा वर्षांची आहे. अंक उलटे काढते. काळजी करावी का?

सात वर्षांपर्यंत हे सर्रास दिसतं. अंक कुठून सुरू करायचा तिथे ठिपका देऊन ठेवा. आठ वर्षांनंतरही नियमित सराव करून उलटी अक्षरं तशीच राहिली, वाचनही अडखळत असेल, किंवा तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यांत जमीन-अस्मानाचा फरक असेल, तर आधी डोळे तपासून घ्या आणि मग विशेष शिक्षक किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टना (लिहिण्यासारखी रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञांना) दाखवा. जाताना सहा महिन्यांतली चार-पाच न सुधारलेली पानं तारखा घालून सोबत न्या.