आजोबांची बाग हाती आली, तर

आजोबा गेले, त्यांची बाग तुमच्याकडे आली, आता ती कशी सांभाळू, असं तुम्ही लिहून विचारलंत. आजोबा गेल्याचं वाचून वाईट वाटलं. बाग मोडली नाहीत, हे फार बरं केलंत. आता घाई तेवढी नको. पहिलं वर्षभर काहीही उपटू नका. हिवाळ्यात भुईचाफा मेल्यासारखा दिसतो, पण कंद खाली जिवंत असतो.

नवखी मंडळी झाडं मारतात ती बहुतेक पाण्यानेच. (मायेपोटीच, पण मारतात.) पेरभर बोट मातीत घाला, ओल लागली तर झारी खाली ठेवा.

- कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी दिसली तर फवारू नका, तिचं फुलपाखरू होतं.
- पालापाचोळा जाळू नका, झाडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात पसरा.

खतं, कलमं सध्या राहू द्या. मोगऱ्याच्या छाटणीचं जानेवारीत विचारा, सांगतो.